शेतावरचा मॅनेजर तयार कसा करायचा: नागपूरकडच्या बागायतदारांसाठी वर्षभराचा प्लॅन

नागपुरात राहायचं आणि शेती काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर नाहीतर पार वरुडकडे, असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत, डॉक्टर, वकील, मास्तर, रिटायर्ड इंजिनिअर सगळेच. ह्या सगळ्यांच्या शेतावर एक माणूस असतोच. कोणी त्याला दिवाणजी म्हणतो, कोणी मॅनेजर, कधी तो जुना सालदारच असतो ज्याला वय झाल्यावर आपण मॅनेजर म्हणायला लागलो. शेत खरं तर तोच चालवतो. आणि त्याच्या शिकण्यावर कोणी रुपया खर्च करत नाही, ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग वेळेवर करतील पण माणसाचं ट्रेनिंग म्हणजे वर्षातून एकदा कृषी प्रदर्शनाला न्यायचं, दोन पिशव्या भरून कॅटलॉग गोळा करायचे, जेवायचं आणि परत.

माझं म्हणणं सरळ आहे. जे शिकवायचं ते काम यायच्या पंधरा दिवस आधी शिकवा, आपल्याच शेतात शिकवा, आणि शिकवून झालं की तो निर्णय त्याच्या हातात द्या. तिसरी गोष्ट केली नाही तर पहिल्या दोन वाया जातात. खाली सगळं संत्र्याच्या बागेला धरून लिहिलंय कारण आपल्याकडे तेच जास्त, पण कपाशी-तूर-सोयाबीनवाल्यांनी महिने बदलून वापरायला हरकत नाही.

आधी कोणता निर्णय कोणाचा ते ठरवा

ट्रेनिंगच्या आधीचं काम मालकाचं आहे. एक वही घ्या आणि वर्षभरात शेतावर काय काय ठरवावं लागतं ते लिहून काढा. मोटार कधी सुरू करायची, किती मजूर बोलवायचे, कोणतं औषध, किती, खत कधी, डिझेल कोण आणणार, झाड वाळायला लागलं तर काय, व्यापारी आला तर त्याच्याशी कोण बोलणार. मग ह्याचे तीन भाग करा. पहिला, जे तो स्वतः ठरवेल आणि तुम्हाला सांगायचीही गरज नाही. दुसरा, जे तो ठरवेल पण संध्याकाळी कळवेल. तिसरा, जे तुम्हाला विचारल्याशिवाय करायचं नाही, म्हणजे मोठी खरेदी, बगीच्याचा सौदा, झाड तोडणं वगैरे.

बहुतेक शेतांवर हे तिन्ही भाग एकत्र कालवलेले असतात, म्हणून मग दिवसातून दहा फोन. "भाऊ, पाणी सोडू का?" "भाऊ, आज बाया चारच आल्या, काय करू?" आणि मालक वैतागून म्हणतो ह्याला अक्कल नाही. अरे, ठरवायचा अधिकार तू कधी दिलाच नाहीस तर तो विचारणारच ना. पहिल्या वर्षी पहिल्या भागात चार-पाचच गोष्टी ठेवा, दरवर्षी त्यात भर घाला. ह्या वहीतली दुसऱ्या भागातली प्रत्येक ओळ म्हणजे शिकवायचा एक विषय, तुमचा सिलॅबस असा आपोआप तयार होतो.

तो आज कुठे आहे ते बघा, पण परीक्षा घेतल्यासारखं नको

पन्नाशीच्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारले की तो गप्प होतो आणि मग पुढचं काहीच जमत नाही. त्यापेक्षा शेतात सोबत फिरा आणि काम करून दाखवायला सांगा. औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचून दाखवता येतं का. पंपात किती टाकतो आणि तेवढंच का. ड्रिपरमधून किती पाणी पडतं ते मोजता येतं का. आजारी झाड शंभर झाडांतून ओळखतो का, इथे तो तुमच्या पुढेच असेल, आणि ते त्याला बोलून दाखवा. हे दोन-तीन चकरांमध्ये लक्षात येतं. लिहिता-वाचता कमी येत असेल तर व्हॉइस नोट आणि फोटोवर सगळं चालतं, त्यासाठी माणूस बदलायची गरज नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो. मजूर बायांची जी मुकादम असते ती बरेचदा शेतावरची सगळ्यात हुशार माणूस असते. कोण किती काम करते, कुठल्या ओळीत तण राहिलं, कोणाला उन्हात चक्कर येते, सगळं तिच्या डोक्यात असतं. मॅनेजर शोधताना आपण फक्त पुरुषांकडे का बघतो ते मला कळत नाही.

गणित, आणि तेही शेतावरचंच

मॅनेजर म्हणून जो माणूस कमी पडतो तो बहुतेक वेळा पिकाच्या ज्ञानात कमी पडत नाही, मोजण्यात पडतो. म्हणून सुरुवात इथून करा, पावसाळ्याआधी किंवा तोडणी संपल्यावर, जेव्हा घाई नसते.

पहिला धडा ड्रिपचा. एक मापाचा ग्लास, मोबाईलमधलं घड्याळ. ड्रिपरखाली एक मिनिट ग्लास धरायचा. ८ लिटर ताशी लिहिलेल्या ड्रिपरमधून मिनिटाला साधारण १३३ मिली पडायला पाहिजे, ४ लिटरवाल्यातून ६७ च्या आसपास. लाईनच्या सुरुवातीला, मधे आणि टोकाला असं मोजलं की कुठे चोकअप आहे ते त्याला स्वतःलाच दिसतं, तुम्ही लेक्चर द्यायची गरज नाही. मग पुढचं. समजा झाडाला ८ लिटरचे ४ ड्रिपर आहेत, म्हणजे तासाला ३२ लिटर. त्या महिन्यात झाडाला रोज ९६ लिटर द्यायचं ठरलं असेल तर मोटार ३ तास. लाईट मधेच गेली आणि दोनच तास चालली तर आज ३२ लिटर कमी गेलं, उद्या काय करायचं ते त्यानेच सांगावं. आपल्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे हा हिशोब ज्याच्या डोक्यात बसला तो माणूस अर्धं पाणी वाचवतो असं म्हणत नाही पण अंदाजपंचे सोडणं बंद करतो हे नक्की.

दुसरा धडा औषधाचा. लेबलवर १० लिटर पाण्याला २० मिली लिहिलंय, म्हणजे लिटरला २. मग १६ लिटरच्या पंपाला ३२ आणि २०० लिटरच्या ड्रमला ४००. झाकणाने मोजायचं बंद, पाच-पन्नास रुपयांचं मापाचं भांडं आणून द्या. ह्याच्या पुढची पायरी बरेच शिकलेले लोकही चुकतात. हातपंप, बॅटरी पंप आणि पेट्रोलवर चालणारा पॉवर स्प्रे ह्यांना एका एकराला लागणारं पाणी वेगवेगळं असतं, पॉवर स्प्रेला बरंच कमी. त्यामुळे लिटरमागे किती एवढंच पाठ केलेल्या माणसाकडून एका पंपाने औषध कमी पडतं नाहीतर दुसऱ्याने जास्त होतं. उपाय हा की एकदा नुसतं साधं पाणी भरून ठरलेल्या ओळी फवारायला लावा, किती पाणी लागलं मोजा, त्यावरून एकराचं काढा, आणि लेबलवरचं एकरी प्रमाण त्या पाण्यात बसवा. हे एका सकाळचं काम आहे. पंप बदलला की परत करायचं.

तिसरा, झाडामागे खर्च. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत एकरी साधारण ११० झाडं बसतात, हेक्टरी २७७. ह्या आकड्यावर प्रत्येक खर्च उतरवायची सवय लावा. खताची एक चक्कर झाडामागे कितीला पडली, फवारणी कितीला पडली. हे कळायला लागलं की दुकानदाराने हे टॉनिकपण घेऊन जा म्हटल्यावर तो आपणहून विचारेल, झाडामागे किती येईल? हा प्रश्न त्याच्या तोंडून आला की समजा पैसे वसूल.

महिने धरून शिकवायचं

आता पिकाचं. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत येणारा फुलोरा) घेणाऱ्यांचं वर्ष तोडणीनंतर डिसेंबरमध्ये ताणापासून, म्हणजे झाडाचं पाणी तोडण्यापासून, सुरू होतं असं धरा. नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस फक्त ताणावर. पाणी का तोडतो, जमीन जेवढी भारी तेवढा ताण लांब का लागतो, म्हणजे हलक्या-मध्यम जमिनीत महिन्याभरात काम होतं आणि काळ्या भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत जाऊ शकतं. पानं मलूल होणं, पिवळी पडून थोडी गळणं हे कुठपर्यंत चांगलं आणि कुठे धोका. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. तारीख तुम्ही सांगू नका, त्याला झाडं बघून तारीख सुचवू द्या आणि का ते विचारा. तुमची आणि त्याची तारीख वेगळी निघाली तर बागेतला एक तुकडा त्याच्या तारखेने करा, फुलोरा आल्यावर दोघं मिळून बघा, ह्याच्यापेक्षा चांगला वर्ग कुठे भरत नाही.

फेब्रुवारी ते मे पाणी, आच्छादन, आणि उन्हाळ्यातल्या कामाच्या वेळा. नागपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, पारा ४५ च्या वर गेला तर कोणतंच काम अकरानंतर करून घ्यायचं नाही, सकाळी सहाला सुरू करा. हा निर्णय मॅनेजरच्या पहिल्या भागात टाका, मालकाला विचारायची गरज नको.

मेच्या शेवटी डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायला लावणारा रोग. ह्यावर नीट वेळ द्या कारण संत्र्याची बाग मरते ती बहुतेक इथेच. फायटोफ्थोरा बुरशी जमिनीत असते, पाणी साचलं आणि खोडाला लागलं की ती वर येते. म्हणून पाणी खोडाला लागू नये असं दुहेरी आळं, शेतात चर, कलमाचा डोळा जमिनीच्या वर. आणि बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. ही त्याच्या हातानेच करून घ्या. मोरचूद वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचं, चुना वेगळा, मग एकत्र, लोखंडी भांडं नको. झाल्यावर लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक थोडा वेळ बुडवायचं, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. ही खिळ्याची परीक्षा एकदा बघितलेला माणूस जन्मात विसरत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा खोडाला लावायची.

जुलै-ऑगस्ट फळगळ आणि कीड बघायला शिकणं, सप्टेंबरपासून फळमाशीचे सापळे आणि रस शोषणारा पतंग, ऑक्टोबरच्या आधी तोडणीची तयारी. कपाशी असेल तर गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावून रोज पतंग मोजायला लावा, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग यायला लागले तर फवारणीचा विचार करायचा, तोवर मोजत राहायचं. मोजून मग फवारणं ही सवय एका पिकात लागली की दुसऱ्यात आपोआप जाते.

फवारणीची सुरक्षा, इथे काटकसर नको

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र, अंगावर काही नाही. हे आपल्या शेजारचंच आहे. म्हणून मॅनेजरला बाकी काही शिकवलं नाही तरी चालेल एवढं शिकवाच.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिण्यालायक नव्हे हेही सांगावं लागतं. लाल-पिवळं औषध शेतावर आणायचंच असेल तर तुम्हाला विचारून. लेबलवर नसलेलं मिश्रण करायचं नाही, दुकानदार कितीही म्हणो. सकाळच्या वारं नसलेल्या वेळात, वाऱ्याच्या दिशेने, हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. उन्हात हे सगळं घालणं त्रासाचं आहे हे खरंय, त्यावर उपाय एकच, पहाटे सुरू करा आणि दोन तासांनी माणूस बदला. नोझल तोंडाने फुंकायचं नाही, जुना टूथब्रश ठेवा. तंबाखू-खर्रा फवारणी चालू असताना बंद, आणि आपल्याकडे खर्रा सोडवणं सगळ्यात अवघड, म्हणून मॅनेजरने स्वतः त्या वेळात खाल्ला नाही तरच बाकीचे ऐकतात. रिकामा डबा ठेचून बाजूला, त्यात पाणी-तेल भरायला घरी नेऊ द्यायचं नाही.

आणि कोणाला मळमळ, घाम, डोळ्यापुढे अंधारी असं झालं तर काय? हे कोरडं सांगू नका, नाटक करून घ्या. एकाला आडवा करा आणि बाकीच्यांना करायला लावा. शेताबाहेर काढणं, कपडे काढणं, साबणाने अंग धुणं, उलटी काढायला न लावणं, १०८ ला फोन, आणि औषधाचा डबा सोबत दवाखान्यात नेणं, कारण डॉक्टर तोच आधी मागतात. जवळचं कोणतं सरकारी रुग्णालय रात्री चालू असतं ते भिंतीवर लिहून ठेवा. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप त्याच्या मोबाईलमध्ये टाकून द्या, पावसाळ्यात झाडाखाली उभं राहायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तिथेच उभे राहतात.

नागपुरात कुठे पाठवायचं

बाहेरचं शिक्षण ह्या सगळ्याच्या वर हवं, त्याच्या जागी नको. आपलं नशीब की हे सगळं नागपुरातच आहे. अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, तिथे रोपं, डिंक्या, बहार ह्यावर बोलायला माणसं आहेत. तिकडेच मातीच्या सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, तिच्याशी जोडलेलं कृषी विज्ञान केंद्र. कृषी महाविद्यालय १९०६ पासून आहे, आता अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या असतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालय. वनामती ह्या सरकारी कृषी प्रशिक्षण संस्थेचं नाव लोक घेतात पण तिथलं काम मुख्यतः अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं, तुमच्या माणसासाठी केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) आणि तालुका कृषी कार्यालयातली आत्मा ही शेतकरी प्रशिक्षणाची योजना जास्त कामाची.

पाठवायची पद्धत मात्र बदला. मोकळ्या हाताने पाठवू नका. दोन आजारी फांद्या, माती परीक्षणाचा रिपोर्ट, मोबाईलमधले फोटो आणि लिहिलेले तीन प्रश्न घेऊन पाठवा. आल्यावर त्याने बाकीच्या मजुरांना अर्धा तास सांगायचं, तुम्हाला नाही, त्यांना. त्या दिवसाची हजेरी पूर्ण द्या आणि जाण्या-येण्याचा, जेवणाचा खर्च द्या, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

आणखी एक रस्ता लोक वापरतच नाहीत. बीएससी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं. कॉलेजला सांगून त्यांना आपल्या शेतावर बोलवा. मुलांना माती नमुना, पानांचा नमुना, पुस्तकातलं सगळं येतं, तुमच्या माणसाला झाड येतं. तो त्यांना कलमाचा डोळा बांधून दाखवेल, ती मुलं त्याला रिपोर्टमधला सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी समजावतील. साहेबाकडून शिकायला जो माणूस लाजतो तो पोरांकडून आरामात शिकतो. गावातला एखादा दहावी झालेला पोरगा तयार करायचा असेल तर दहावीनंतरचा कृषी डिप्लोमा आहे, फीमध्ये मदत करा आणि सुट्टीत शेतावर कामाला घ्या.

रोजची नोंद

साधी डायरी. तारीख, मजूर किती, कोणत्या ओळीत काय काम, मोटार किती तास, काय फवारलं-टाकलं किती, पाऊस. बस. एक्सेल वगैरे तुमचं तुम्ही करा, त्याच्या डोक्यावर टाकू नका. सोबत रोज संध्याकाळी दोन फोटो, एक झालेल्या कामाचा आणि एक आज वेगळं काय दिसलं त्याचा. दुसऱ्या फोटोतूनच माणूस बघायला शिकतो. आणि तुम्ही त्यावर उत्तर द्या, नुसता अंगठा नको. महिना अंगठाच मिळाला की तो फोटो टाकणं बंद करतो आणि ते बरोबरच आहे.

मजुरांशी वागणं हाही शिकवायचा विषय आहे. कोणतं काम रोजीने द्यायचं आणि कोणतं गुत्त्याने (पूर्ण कामाचे एकरकमी पैसे ठरवून), हे डायरीवरूनच ठरतं. निंदण गुत्त्याने दिलं तर पटापट होतं, छाटणी आणि तोडणी गुत्त्याने दिली की झाड आणि फळ दोन्ही जातं. मजुरी त्या दिवशी किंवा ठरलेल्या बाजाराच्या दिवशी मिळालीच पाहिजे, त्यासाठी मॅनेजरच्या हातात थोडी रक्कम राहू द्या. पैशासाठी त्याला मजुरांपुढे तोंड लपवावं लागलं तर त्याचं पुढे कोणी ऐकत नाही.

कळमन्याला नेऊन आणा

तोडणी सुरू व्हायच्या आत पहाटे नागपूरच्या कळमना मार्केटला घेऊन जा. मोठा माल, मधला, चुरी (बारीक फळ), डागाळलेला, भाव कसा पडतो हे त्याने उभं राहून बघावं. जो माणूस वर्षभर झाड सांभाळतो त्याने बरेचदा आपलंच फळ विकताना पाहिलेलं नसतं, व्यापारी बगीचा उक्ता, म्हणजे सगळा एकरकमी, घेतो आणि गाडी भरून नेतो. ओढून तोडलेल्या, देठाजवळ फाटलेल्या फळाला काय भाव मिळतो ते एकदा दिसलं की तो कात्री वापरा म्हणून मजुरांच्या मागे स्वतःच लागेल.

शिकला आणि सोडून गेला तर?

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. जाईल, पगार तोच ठेवला तर जाणारच, शेजारचा बागायतदार काय झोपलाय का. म्हणून ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच पैशाचं बोलून ठेवा. पगारात दरवर्षी ठरलेली वाढ, आणि तोडणीनंतर एक रक्कम जी तुम्ही दोघांनी आधी ठरवलेल्या दोन-तीन गोष्टींवर अवलंबून असेल, उदाहरणार्थ मेलेली झाडं किती, पहिल्या प्रतीचा माल किती, फवारणीत कोणाला इजा झाली का. नुसत्या उत्पन्नावर बोनस ठेवू नका, गारपीट झाली तर त्याचा काय दोष. मुलांच्या शिक्षणाची, आजारपणाची अडचण आली तर उभे राहा.

आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताखाली एक जण ठेवा. मॅनेजर ड्रिप मोजायला शिकला की त्याने पुढच्या आठवड्यात हाताखालच्याला शिकवायचं, बोर्डो केली की पुढच्या वेळी हाताखालच्याने करायची आणि ह्याने खिळा बुडवून तपासायचं. दिवाळीत मॅनेजर आठ दिवस गावी गेला असताना दुसऱ्याकडून तुम्हाला दिवसाला किती फोन येतात ते मोजा, पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या भागात काय काय टाकायचं ते त्यावरून ठरवा.